लख्ख केलेला लेथ

मोटार दुकानाच्या दारातून बाहेर काढली की तिची किंमत उतरते, लोखंड कातायच्या लेथची उतरत नाही, हे बाबांचं आवडतं पालुपद होतं. नीट निगा राखलेला लेथ म्हातारपणीही घेतल्या किमतीला जातो, असं ते चहाला आलेल्या कुणालाही ऐकवायचे, मग समोरचा विम्याचा एजंट का असेना. पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला, वर्कशॉप विकायची वेळ आली, तेव्हा ते पालुपद खरं ठरतंय असं मलाही वाटायला लागलं. ड्रिलचे संच, मायक्रोमीटर, काम घट्ट धरून ठेवणारा जुना शेगडासुद्धा हातोहात गेला.

लेथसाठी मात्र बाबांची अट होती. तो चालवणाऱ्यालाच द्यायचा, भंगारवाल्याने उंबऱ्याच्या आत यायचं नाही. "माझा हात गेला तो गेला," दवाखान्यातल्या खाटेवरून ते मला म्हणाले, "तो तरी चालू राहू दे." त्यांच्या ओळखीचा एक टर्नर, म्हणजे लेथवरचा कारागीर, घ्यायला तयारही होता. तुम्ही घरी आलात की येतो, एकदा बघतो आणि घेऊन जातो, असं त्याने कळवलं होतं.

आई त्या लेथला सवत म्हणायची. "सवतीला रोज तेल लावून मालिश, आणि माझं डोकं दुखलं तर बामाची डबी माझ्याच हातात." लग्न होऊन आल्यापासून तिला त्याला हात लावायची मुभा नव्हती. ज्या दोन लांब लोखंडी पट्ट्यांवर लेथचा गाडा मागेपुढे सरकतो, त्यांना बेड म्हणतात. त्या बेडवर कुणी साधा पाना ठेवला तरी बाबा घर डोक्यावर घ्यायचे. एका वर्षी रोज काम संपल्यावर बसून त्यांनी तो बेड हातातल्या पात्याने खरवडून खरवडून सपाट केला होता. त्यावर माशाच्या खवल्यांसारखी बारीक नक्षी उठली होती. त्या खवल्यांत तेल टिकून राहतं, म्हणून गाडा अडत नाही. लहानपणी मी विचारलं होतं म्हणून मला हे ठाऊक होतं. आईने कधी विचारलं नाही, आणि बाबांनी आपण होऊन सांगितलं नाही. त्या दोघांचं सगळंच असं होतं.

बाबांना घरी आणलं त्या दिवशी आईने त्यांना खोलीत जाऊच दिलं नाही. "आधी इकडे या," म्हणून सरळ वर्कशॉपमध्ये नेलं.

लेथ नव्या हिरव्या रंगात उभा होता. हँडलं चकाकत होती. आणि बेड आरशासारखा गुळगुळीत झाला होता.

"केवढे ओरखडे पडले होते हो त्याच्यावर," आई म्हणाली. "म्हटलं, असं ओरखड्यांचं कोण घेणार? शेजारच्या सुताराकडून घासायचं मशीन आणलं. तुम्ही दवाखान्यात होतात तेवढे दिवस हेच करत होते. आता तोंड दिसतं बघा त्यात."

तिच्या बोटांना जागोजागी पट्ट्या होत्या. मी तोंड उघडलं, कारण मला गप्प बसणं जमत नाही. पण बाबांनी काठी माझ्या पावलावर टेकवली आणि तशीच दाबून धरली. डावा तळवा त्यांनी बेडवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. फार हळू फिरवला.

"छान केलंस," ते म्हणाले. "इतका लख्ख मला कधी जमला नाही."

दुसऱ्या दिवशी टर्नर आला. बाबांनी आईला चहा ठेवायला आत पाठवलं. टर्नरने बेडवर पोलादी पट्टी उभी धरली आणि मागून टॉर्च लावला. बेड सपाट असता तर पट्टीखालून उजेडाची रेघही आली नसती, पण उजेड आरपार दिसत होता. तो बराच वेळ वाकून बघत राहिला.

"काका, हे कोणी केलं?"

"मी," बाबा म्हणाले.

टर्नरने टॉर्च विझवला. याच माणसाचं काम बघायला तो एके काळी मुद्दाम यायचा.

"तुम्ही?"

"हाताबरोबर डोकंही गेलं रे माझं. वाटलं, चमकवला की चार पैसे जास्त येतील."

बेड पुन्हा सरळ करून घ्यायचा तर तेवढ्या पैशांत दुसरा लेथ येईल, एवढंच टर्नर चाचरत म्हणाला. चहा न घेताच गेला. मला बाबांचा राग आला, आईचा आला आणि त्या बिचाऱ्या सुताराचाही आला. रडू आलं ते त्यानंतर.

आईला मी मावशीकडे पाठवलं आणि भंगारवाल्याला बोलावलं. वजनावर सौदा झाला. अख्खा लेथ उचलेना, म्हणून भंगारवाल्याच्या माणसांनी तो तिथेच गॅसने कापला. मी बाबांना म्हटलं, आत जाऊन पडा. ते गेले नाहीत. खुर्ची ओढून समोर बसले, शेवटचा तुकडा टेम्पोत चढेपर्यंत बसले. मग डाव्या हाताने फरशीवरचा लोखंडाचा चुरा झाडायला लागले. मी झाडू घेतला तर दिला नाही.

संध्याकाळी आई परत आली. मोकळ्या जागेत बोल्टची भोकं आणि तेलाचा काळा डाग उरला होता. ती दारातच थांबली.

"सवत कोणी नेली?"

"त्या टर्नरने," बाबा म्हणाले. "बघताक्षणी आवडली त्याला."

"तरी मी म्हणत होते. लख्ख केली म्हणून गेली." आई त्या डागाशी जाऊन उभी राहिली आणि पदराने डोळे पुसायला लागली. ज्या लेथला तिने जन्मभर सवत म्हटलं त्याच्यासाठी ती रडेल असं मला वाटलं नव्हतं. "अहो, एकदा बघून येऊ या का? नीट नांदतेय ना तिथे, एवढंच."

बाबांनी तिचा पट्ट्या बांधलेला हात आपल्या चालत्या हातात घेतला.

"दिल्या घरी सारखं जाऊ नये," ते म्हणाले. "नांदतेय ती."