पाणसळ मावेल अशी पिशवी

नको.

पाठीवरची सॅक होती. दुकानदार म्हणाला, "ताई, सायकलवरून ऑफिसला जाणारे सगळे हीच नेतात."

मी गोणपाटातून थापी, रबरी हातोडा, गुण्या, ओळंबा काढून तिच्यात भरले. पाठीला हातोडा टोचला.

"माझं ऑफिस जमिनीवर असतं हो. फरशा बसवते मी. दिवसभर वाकल्यावर पाठीलाच ओझं?"

"रांगत रांगत नोकरी करते आमची वहिनी," नणंद म्हणाली.

हँडलवरची टोपली. थापी ठेवताच हँडल आपल्या मनाने वळलं. हीही नको.

(मध्येच सांगते. नाहीतर म्हणाल, एका पिशवीपायी केवढा थयथयाट.

मुकादमाच्या व्हॅनमध्ये आम्हा सगळ्यांचं सामान एका पेटीत जातं. किल्ली त्याच्याकडे. तो निघणार तेव्हा सामान निघणार, सामान निघणार तेव्हा आम्ही. माझी पाणसळही त्याच पेटीत, फावड्यांखाली. लांब पट्टी, मधल्या काचेत बुडबुडा. तो मधोमध आला की समजायचं, जमीन समतल. रोज सकाळी ती उलटसुलट ठेवून बघायची असते. बुडबुडा दोन्ही वेळा तिथेच आला तर ती खरी. त्या दिवशी पेटी उशिरा उघडली, वर घाई. मी बघितलं नाही. न्हाणीघराचं पाणी जाळीकडे जायचं सोडून दाराबाहेर आलं. मार खाऊन पाणसळ खोटं बोलायला लागली होती. फरशी मीच फोडली. मुकादम सगळ्यांदेखत म्हणाला, "बाईच्या हाताला ढाळ कळत नाही."

मी नवी पाणसळ घेतली आणि त्याला सांगितलं, यापुढे माझं सामान माझ्याबरोबर.

"सायकलवर? आण की! पण एकदा जरी उशीर झाला, तर सामान पेटीत आणि तू व्हॅनमध्ये. नाहीतर घरी."

कंस संपला.)

तिसरी. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणारी जोडपिशवी, जाड ताडपत्रीची. सामान वाटून भरलं आणि सवयीने पाणसळ कॅरिअरवर आडवी ठेवली. बुडबुडा पळाला. हातोडा इकडे घेतला, थापी तिकडे. पळालाच. ओळंबा हलवला. हातोडा परत.

"वहिनी."

"थांब गं."

"वहिनी, सायकल स्टँडवर कलती उभी आहे."

दुकानदाराने पाठ फिरवली. खांदे हलत होते त्याचे. हसू दे. मी सायकल सरळ धरून बसले, नणंदेने बुडबुडा बघितला. मधोमध.

हीच.

फक्त पाणसळ मावेना. हातभर बाहेर.

"तेवढी एक व्हॅनने पाठवा ना," दुकानदार म्हणाला.

"तेवढीच नाही पाठवायची."

घरी नणंदेने माझ्या नवऱ्याच्या जुन्या पँटचा पाय कापला, खालून शिवला, आत स्पंज घातला. सायकलच्या दांडीला बांधायचं म्यान.

"आणि मी काय घालू?" नवरा.

"दुसरा पाय आहे की, दादा."

सकाळ. पूल. चढ. मागून हॉर्न.

"दमलीस तर सांग गं!" व्हॅनमधून मुकादम.

श्वास चढायला लागत होता. दोन्ही बाजूंची पिशवी सारखी डुलत होती आणि मी खाली उतरले नाही. चढ संपेपर्यंत उतरले नाही.

कामाच्या जागी तो फाटकात घड्याळ बघत उभा. काटा माझ्या बाजूने होता. त्याने हात पुढे केला.

"आण ती पाणसळ. वरच्या मजल्यावर पाहिजे. पेटीतली खोटी दाखवतेय."

"खोटी?"

"मग काय."

"मग त्या दिवशी ढाळ कुणाला कळत नव्हता?"

वाळू चाळणारा थांबला. वरून कुणीतरी खोकलं. मुकादमाचा हात तसाच पुढे.

मी पँटच्या पायातून पाणसळ काढली, त्याच्यासमोर जमिनीवर ठेवली. बुडबुडा बघितला. उलटी केली. तिथेच. मग उचलून काखेत घेतली.

"ही माझी आहे. वर ढाळ बघायचा असेल तर मला बोलवा. मी येईन, पाणसळ घेऊन."

दुपारनंतर बोलावलं त्याने. गेले.

सुट्टी झाली तेव्हा सामान भरायला पेटी अजून उघडली नव्हती. सगळे व्हॅनपाशी ताटकळत बसले होते. मी हातोडा डावीकडे भरला, थापी उजवीकडे.

"निघालीस?" मुकादम म्हणाला.

मी घंटी वाजवली.