टाकीत ठेवलेला रहू

मोड आलेलं भाताचं बी चिखलात फेकून पेरायचं, त्याला राहनाळच्या बाजूला रहू म्हणतात. दौलत पाटलांची सगळी जमीन गोदामांखाली गेली होती, पण रस्त्यापलीकडचा एक तुकडा त्यांनी हट्टाने राखला होता, आणि दर जूनला त्यात रहू टाकल्याशिवाय या गृहस्थाला घास गोड लागत नसे. एरवी म्हणाल तर अगदी शेठ झालेला माणूस. नवा बंगला, अंगणभर गुळगुळीत फरशी, दारात बोलेरो. पण दोन हजार सहाच्या जूनमध्ये भिजवलेल्या बियाण्याच्या आठ गोण्या त्या फरशीवर येऊन पडल्या आणि त्यांच्या बायकोने, कमळबाईंनी, कमरेला पदर खोचला.

"माझ्या फरशीवर हा चिखल न्हाय पायजे."

"मंग काय डोक्यावर ठेवू?"

"गोदामात ठेवा."

"गोदामात घुशी हायेत. एका रातीत फडशा पाडतील."

मग दौलतरावांना टाकी सुचली. अंगणाच्या कडेला जमिनीखाली पाण्याची नवी टाकी बांधून झाली होती, नळ जोडायचा बाकी होता. आत कोरडी ठणठणीत. घुशीची भीती नाही, आणि बंद जागेत ऊब धरून मोड झकास येणार. स्वतःच्या डोक्यावर ते इतके खूश झाले की शेजारच्या गोदामातल्या हमालांनाही बोलावून टाकी दाखवली. शुक्रवारी संध्याकाळी जिव्याने गोण्या आत उतरवल्या. जिव्या आणि त्याची बायको सरू पाड्यावरचे, पाटलांकडे दहा वर्षं कामाला. "परवा सकाळपर्यंत उघडायचं न्हाय, ऊब जाते," असं बजावून दौलतरावांनी लोखंडी झाकण तिरकं लोटून ठेवलं.

त्यांची लेक मृणाली कामतघरच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिला ते तिरकं झाकण काही पटेना, कारण भावाचा तीन वर्षांचा मुलगा भाविक दिवसभर अंगणात दुडदुडायचा. अंधार पडायच्या आत तिने जोर लावून झाकण बसवलं. कडेला बोटभर फट राहिली तिथे सायकलच्या ट्यूबची पट्टी ठासली आणि वर धोंडा ठेवला. पोर आता आत पडणार नाही म्हणून तिचा जीव भांड्यात पडला.

रविवारी सकाळी जिव्या आणि सरू आले. झाकण उघडलं, बांबूची शिडी सोडली आणि शिंपडायला कोमट पाण्याची बादली घेऊन जिव्या उतरला.

"आत लई गरम हाय शेठ," तो खालून म्हणाला. "मोड तर..."

पुढे शब्द आला नाही. बादली कलंडल्याचा आवाज आला.

सरूने वाकून पाहिलं. जिव्या एका गोणीवर डोकं टेकून बसला होता, दमलेला माणूस बसतो तसा. तिने हाक मारली. परत मारली. त्याने मान हलवली नाही.

"चक्कर आली बहुतेक," म्हणत दौलतरावांनी शिडीवर पाय टाकला, आणि सरूने मागून त्यांचा सदरा धरून त्यांना खेचलं. दहा वर्षांत जिने त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं त्या बाईने.

"उतरू नका. आमच्या हिरीत आसंच गेले दोगं. एक पडला, दुसरा त्याला काडाया गेला. आधी दिवा सोडा."

कमळबाईंनी धावत चिमणी पेटवून आणली. आरडाओरडा ऐकून शेजारच्या गोदामातले हमालही जमले. सरूने ती सुतळीला बांधून आत सोडली. दोन हात खाली गेली असेल, ज्योत आखडली आणि विझली. वारा नाही, काही नाही. परत पेटवून सोडली, परत विझली. "हवा मेलीया आत," सरू म्हणाली.

मृणाली तिथेच उभी होती. हे तिने पाहिलं होतं. सोमवारीच, सातवीच्या वर्गात. मोड आलेली मटकी बाटलीत घालून रात्रभर बूच लावून ठेवली होती, सकाळी बूच काढून पेटती काडी आत धरायला लावली होती. काडी विझली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. "बी मेलेलं नसतं," तिने फळ्यावर लिहून दिलं होतं. "मोड येताना ते आपल्यासारखंच श्वास घेतं. आतला प्राणवायू संपवतं." पोरांनी वहीत उतरवून घेतलं, तिने सह्या केल्या. आणि शुक्रवारी घरी येऊन याच हातांनी तिने टाकीचं झाकण बसवलं. आठ गोण्या बी दोन रात्री त्या बंद जागेत श्वास घेत होतं आणि तिच्या मनात एकदाही आलं नाही. स्वतःची इतकी भीती तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"बाबा," ती म्हणाली. "आत श्वास घ्यायचा नाही. एकही नाही. टाकी पाण्याने भरली आहे असं समजा."

दौलतरावांना एवढं पुरलं. तरुणपणी त्यांनी खाडीत डुबी मारून रेती काढली होती. दम धरून तळाला जायचं, घमेलं भरायचं, वर यायचं. त्यालाही तीस वर्षं झाली होती, आणि पोट सुटलं होतं ते वेगळं. तरी त्यांनी कमरेला दोर बांधून घेतला, दुसरा हातात घेतला, छाती भरून हवा ओढली, गाल फुगवून तोंड मिटलं आणि कोरड्या ठणठणीत टाकीत बुडी मारली.

मृणाली आकडे मोजत होती. विसाला त्यांनी जिव्याच्या काखेतून दोर घातला. पस्तिसाला गाठ बसेना, बोटं घसरत होती. पंचेचाळिसाला गाठ बसली, तोवर त्यांचा चेहरा काळानिळा पडला होता, आणि त्यांनी हात वर केला. "खींचो भाई, खींचो," एक हमाल ओरडला. बायका, हमाल, सगळ्यांनी मिळून आधी पाटलांना ओढलं. ते काठावर पालथे पडून धापा टाकायला लागले. मग जिव्याला ओढलं.

जिव्याची छाती हलत नव्हती. ओठ जांभळे पडले होते. मृणाली गुडघ्यांवर बसली, त्याचं नाक दाबलं आणि तोंडाला तोंड लावून श्वास फुंकला. आजूबाजूला कोण बघतंय याचं तिला भान नव्हतं. परत फुंकला. परत. कितव्या वेळेला कोण जाणे, जिव्याच्या घशात घरघर झाली, तो खोकला, आणि छाती आपली आपण वर आली. सरूने तोंडात पदर कोंबला आणि ती त्याच्या पायांशी बसून हमसून रडली.

हमाल गोदामातला टेम्पो आणायला पळाले. जिव्याने डोळे उघडले होते, पण तो कुणाला ओळखत नव्हता. सरूने डोळे पुसले आणि बाजूला पडलेलं झाकण पाहिलं. ट्यूबची पट्टी अजून कडेला चिकटून होती.

"येवडं घट झाकान कोनी लावलं?"

"मी लावलं," दौलतराव पडल्या पडल्या म्हणाले. "घुशींसाठी." लेकीकडे त्यांनी पाहिलं नाही.

मृणालीला गप्प बसता आलं असतं. बापाने वाट करून दिली होती.

"मी लावलं," ती म्हणाली.

सरूने तिच्याकडे पाहिलं. मग टेम्पो आला आणि ती नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन चढली.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी जिव्या उठून बसला, पेज प्यायला. गोण्या बाहेर काढल्या तेव्हा मोड पांढरेफेक आले होते, पण दौलतरावांनी त्या वर्षी रहू टाकला नाही.

जिव्या आणि सरूची मुलगी स्नेहा सातवीत होती, मृणालीच्याच वर्गात, आणि रोज तिच्याच स्कुटीवर मागे बसून शाळेत जायची. बाप घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी ती पाड्याच्या वळणावर नेहमीसारखी उभी होती. मृणालीला वाटलं होतं, येणार नाही. पोरगी मागे बसली. गोदामांची रांग संपली.

"बाई," स्नेहा मागून म्हणाली, "त्या दिवशी बाटलीत काडी मी धरली होती."

"हो."

"घरी मी बाबाला सांगितलं पन व्हतं, बी श्वास घेतं म्हणून. तो हसला. मंग मी पन हसले." ती जराशी थांबली. "शुक्रवारी मी तुमच्या अंगनात खेळत व्हते. तुम्ही झाकन लावताना मी बघितलं. मला पन न्हाय कळलं बाई."

मृणालीने स्कुटी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. पहिला तास तिचाच होता, तरी बराच वेळ तिला गाडी सुरू करता आली नाही.