दुसऱ्या मजल्यावरचं पाणी

दुसऱ्या मजल्यावरच्या मुलींना दीपमाला पहिल्या दिवसापासूनच नकोशी झाली होती. चिकलठाण्याजवळच्या एका कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये नववी-दहावीच्या मुलींचं उन्हाळी विज्ञान शिबिर भरलं होतं आणि दीपमाला त्या मजल्याची ताई होती. मुलींबरोबरच राहायचं, त्यांना उठवायचं, जेवायला न्यायचं, झोपायच्या आधी मोबाइल गोळा करायचे, हे तिचं काम. ती पैठणची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. मुली पाठीमागं तिला ‘जेलर’ म्हणायच्या. पुढं पुढं तोंडावरही म्हणायला लागल्या.

मे संपत आला तसा पाण्याचा टँकर एक दिवस यायचा, एक दिवस नाही. शिबिरप्रमुख सुरेखा मॅडमनी एकीला एकच बादली ठरवून दिली. एके सकाळी मुलींपैकी अक्षदा बाथरूममध्ये शिरली ती बाहेरच येईना. पहिली बादली संपवून तिनं दुसरी नळाखाली लावल्याचा आवाज आला. बाहेर मुली रिकाम्या बादल्या घेऊन खोळंबल्या होत्या.

“अक्षदा, नळ बंद कर.”

“तुमच्या बापाचं पाणी आहे का?”

दीपमालाच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं बाहेरचा कॉक फिरवला आणि पाणी तोडलं.

अक्षदा गाऊन अंगावर ओढून, डोक्यावर शाम्पूचा फेस तसाच घेऊन बाहेर आली. मुली फिदीफिदी हसल्या. ती रडत तडक ऑफिसात गेली आणि तिनं वडिलांना फोन लावला.

दुपारी तिचे वडील नानासाहेब आले. जीपच्या मागं त्यांचाच टँकर होता, धंदाच टँकरचा. “पाण्यापायी माझ्या पोरीला रडवता व्हय? घ्या, किती पाह्यजे तेवढं घ्या!” ड्रायव्हरनं पाइप टाकीत सोडला. मुली गोळा झाल्या. मॅडम हात जोडून खुलासा करायला लागल्या, की बाकीच्यांना पाणीच उरलं नव्हतं आणि वर अक्षदानं ताईंचा बाप काढला.

नानासाहेब लेकीकडं वळले. “ह्याच्यासाठी मला कामावरून बोलावलंस? चारचौघांत लाज काढतेस?”

त्यांचा हात उठण्याआधीच अक्षदानं कोपर तोंडापुढं धरलं होतं, डोळे मिटले होते. सवयीनं.

ते पाहून दीपमाला मध्ये जाऊन उभी राहिली. “हात खाली घ्या.”

“तू कोण गं?”

“हा मजला माझ्याकडं हाय. इथं हिच्या अंगाला कुणी हात लावायचा नाय.”

“दीपमाला, माफी माग त्यांची,” मॅडम कुजबुजल्या. “पाणी जाईल.”

दीपमाला अक्षदाकडं वळली. “मी रागाच्या भरात पाणी तोडलं. माझं चुकलं.” नानासाहेबांना ती काहीच बोलली नाही.

त्यांनी पाइप टाकीतून काढायला लावला आणि अर्धा टँकर तसाच परत नेला.

त्या संध्याकाळी मेसमध्ये दीपमालाच्या टेबलावर कुणी बसलं नाही. ती खोलीत आली तर गादीवर कुणीतरी उष्टं ताट पालथं घातलेलं होतं. ती चादर झटकायला गॅलरीत गेली, तिथं अक्षदा उभी होती.

“तुम्हाला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?” ती म्हणाली. “एक थोबाडीत दिली असती, गप्प झाले असते. आता घरी गेल्यावर सगळ्याचं मिळून उट्टं काढतील. तेव्हा याल का तुम्ही?”

दीपमालानं चादर कठड्यावर टाकली. 

“आणखी कोण आहे तुझं?”

“तुम्हाला काय करायचंय?”

“सांग तर.”

“मामा. फर्दापूरला,” अक्षदा म्हणाली. मग तोंड फिरवूनच तिनं नंबर सांगितला.

दुसऱ्या दिवशी दीपमालानं सगळं मॅडमच्या कानावर घातलं. “घरगुती गोष्टीत आपण पडायचं नाही,” त्या म्हणाल्या. तेव्हा तिनं स्वतःच मामांना फोन केला.

शिबिर संपलं त्या दिवशी मामा सकाळच्या एसटीनं आले. मॅडमनी कुरकुर केली, पण अक्षदाच्या आईनं फोनवर “जाऊ द्या तिला,” म्हटल्यावर त्यांचाही नाइलाज झाला. “शाळा उघडेस्तोवर आमच्याकडंच राहील,” मामांनी दीपमालाला सांगितलं. “पुढचं बघू.”

“नीट जा,” दीपमाला अक्षदाला म्हणाली.

अक्षदानं मान वळवली नाही. बॅग मामांच्या हातात देऊन ती पुढं चालायला लागली.

दीपमाला वर आली. उरलेल्या मुली बॅगा ओढत तिच्या अंगावरूनच खाली गेल्या. ‘येते’ म्हणून कुणी म्हटलं नाही. तिनं एकेका खोलीची खिडकी उघडली आणि झाडायला घेतलं.