कुंकू लागलेली बाजू

"याला मधोमध ठेवा आणि भोवती गोल बसा. मग इंदूरहून मला सगळे दिसतील," असं नीलेशनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मित्रांनो, मी फोपनार गावातल्या केळी पिकवणाऱ्यांच्या गटाचा एक जुना कॅमेरा आहे. मला पाठपोट नाही. दोन्ही अंगांना एकेक फुगीर डोळा आहे, म्हणून चारी दिशा एकदम दिसतात. गटाचा माल विकणारा नीलेश तिकडे डोळ्यांवर जाडशी पेटी बांधतो. मान वळवली की त्याला वाटतं, आपण इथेच चटईवर बसलोय. सुरुवातीला पोरं माझ्यापुढे भांग पाडायची. आता कुणी धूळही झटकत नाही. मला त्याचं काही वाटत नाही.

खंडेनवमीला गट सांभाळणाऱ्या प्रतिभाकाकीनं विळ्याकोयत्यांसोबत माझीही पूजा केली. कुंकवाचं ओलं बोट नेमकं एका डोळ्यावर टेकलं. त्याच दुपारी अचानक बैठक लागली.

"काकी, अर्धी बैठक लाल दिसून राहिली. गुलाल उडवला काय?" नीलेश हसला.

"पूजेचं आहे बाबा. आज हात लावायचा नाही. उद्या पुसते."

"राहू द्या, चालेल."

या हप्त्यात कुणाची केळी कापायची, असं त्यानं विचारलं. हात वर झाले. लाल बाजूला कोकिळा बसली होती. नवरा, वामन, गेल्यापासून ती फारशी बोलत नाही. तिनंही हात वर केला. सगळ्यांना वाटलं, नीलेशनं पाहिलंच असेल.

दसऱ्याच्या सकाळी गाड्या ठरल्या. कोकिळाचं नाव नव्हतं. घड हिरवा असतो तोवरच गाडीत चढतो. झाडावर पिवळा पडला की व्यापारी हात लावत नाही. तिची बाग तर भरून आली होती.

"अगं, तोंडानं सांगायचं ना," शेजारचा गिरधर म्हणाला.

"हात केला होता, भाऊ."

तिच्या आवाजात राग नव्हता, रडूही नव्हतं. काकी माझ्या लाल डोळ्याकडे बघत राहिली.

"वामनभाऊला शब्द दिलाय मी," ती हळूच कोकिळाला म्हणाली. "तुझी बाग वाया जाऊ देणार नाही."

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा. पण ज्यातून कुणी कुणाला बघतं, ते आधी पुसत जा.

काकीला नवरात्राचा उपास सोडायचा होता. तिनं वाढलेलं ताट झाकून ठेवलं. ओल्या फडक्यानं माझा डोळा पुसला आणि नीलेशला फोन लावला.

"पेटी बांधून बस. बाग दाखवते."

मग मला पदराखाली धरून ती कोकिळाच्या बांधाकडे चालू लागली.