तिसऱ्या खेपेला

"नको हो सर, कशाला उगाच माझ्यासाठी," गेब फोनवर म्हणाला, आणि आपण अगदी रीतीला धरून बोललो या समाधानात त्याने बशीतला अक्रोडाच्या सारणाचा गोड पाव उचलला.

पलीकडे, तेराशे मैल दक्षिणेला, अलाबामातल्या एका व्यावसायिक आइस हॉकी संघाचे व्यवस्थापक टूली यांनी पुन्हा विचारले. "नीट विचार केलायस ना, पोरा? आघाडीची एक जागा रिकामी आहे. मोसमाचे सहा आठवडे उरलेत. चांगला खेळलास तर पुढचं वर्षही तुझंच."

"माझ्यापेक्षा चांगली मुलं मिळतील तुम्हाला."

"बरं. जशी तुझी मर्जी. देव तुझं भलं करो."

फोन बंद झाला. स्वयंपाकघरात कॉफीच्या वाफेखेरीज काही हलत नव्हते.

"किती वेळा विचारलं?" टेबलाशी बसलेल्या रूडीने, म्हणजे गेबच्या वडिलांनी, विचारले.

"दोनदा."

"मग आता तिसऱ्यांदा विचारायला फोन करेल," आई म्हणाली. "बोटं धुऊन घे. चिकट हातानं हो म्हणू नये."

मिनेसोटाच्या उत्तरेकडच्या त्या खाणगावात कोणतीही गोष्ट पहिल्या विचारण्याला घेत नसत. पहिला नकार स्वतःच्या अब्रूसाठी, दुसरा देणाऱ्याच्या सोयीसाठी; तिसऱ्या खेपेला मात्र 'आता तुम्ही इतकं म्हणताच आहात तर' असे पुटपुटत कप पुढे करायचा. या रीतीने त्या गावात आजवर कोणी उपाशी राहिले नव्हते, आणि कोणी हावरटही ठरले नव्हते.

गेब पुस्तोवार चोवीस वर्षांचा होता आणि त्याचा खेळही याच रीतीचा होता. कॉलेजच्या चार वर्षांत आघाडीला खेळून त्याच्या नावावर अकरा गोल. आपला एखादा गडी शिक्षा होऊन बाहेर बसला की गेबला बर्फावर उतरवत, आणि गोळीसारख्या येणाऱ्या रबरी चकतीपुढे तो मुकाट अंग टाकी. मोकळा गोल समोर दिसला तरी चकती शेजाऱ्याकडे सरकवी. "गेब्याला गोलचासुद्धा आग्रह करावा लागतो," असे सोबती म्हणत. दहा दिवसांपूर्वी शेवटचा सामना झाला, आणि खेळाचा पोशाख त्याने घडी करून परत दिला तेव्हा त्याला वाटले, आपल्या आयुष्यातला बर्फ आता फक्त फावड्याने ओढायचा उरला. वडिलांनी खाणीतल्या नोकरीचा अर्जही आणून ठेवला होता.

अकरा वाजले, बारा वाजले. बाहेर मार्चचे ऊन राखाडी बर्फाच्या ढिगांवर पातळ सायीसारखे पसरले. फोन पूर्ण भरलेला असूनही आईने तो पुन्हा चार्जिंगला लावला.

"दक्षिणेकडची माणसं सावकाश जेवतात," रूडी म्हणाला.

एक वाजता फोन वाजला, पण तो कॉलेजच्या प्रशिक्षकांचा, वॉल्श सरांचा होता. ते बॉस्टनचे; त्यांचे बोलणे नेहमी बस चुकत असल्यासारखे.

"गेब, तू टूलीला नाही म्हणालास?"

"नाही म्हणालो नाही, सर. नको म्हणालो."

पलीकडून सुस्कारा आला. "पहिल्या वर्षी मी तुम्हा पोरांना घरी जेवायला बोलावलं होतं, आठवतं? एकदा विचारलं, तुम्ही नको म्हणालात, मी भांडी झाकली. अकरा धटिंगण उपाशी परत गेले. नंतर शेजारणीनं मला शहाणं केलं. टूलीला कोण शेजारीण भेटणार? तीन वाजता तो दुसऱ्या पोराचं नाव पाठवतोय."

"तुम्ही त्यांना सांगाल का, सर?"

"मी काय सांगू? तुला हवंय का, हे चार वर्षांत मला कधी कळलं नाही. तुला तरी कळलंय का?"

गेबने फोन खाली ठेवला आणि ऐकलेले घरात सांगितले.

"म्हणजे आपण होऊन मागायचं?" आईने हातातला टॉवेल उगाच पिळला. "लोक काय म्हणतील?"

"अलाबामात कोण ओळखतं आपल्याला?" रूडी म्हणाला. मग कपाच्या तळाशी बघत: "मला तर खेळायला कुणी एकदासुद्धा विचारलं नव्हतं. कर फोन."

गेबने नंबर लावला. घंटा वाजत राहिली, आणि त्या प्रत्येक वाजण्यागणिक त्याला वाटले, न उचललेलेच बरे.

"टूली बोलतोय."

"सर, मी गेब पुस्तोवार. सकाळचं माझं नको... ते आमच्याकडचं नको होतं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुम्ही अजून एकदा विचारायला हवं होतं."

"अस्सं. आणि नाहीच विचारलं तर?"

गेबने वडिलांकडे पाहिले. ते खिडकीकडे बघत होते, एखाद्याला कपडे बदलायला आडोसा द्यावा तसे.

"तर मीच विचारतो," तो म्हणाला. "ती जागा मला हवी आहे. मला खेळायचंय, सर."

या घरात असे वाक्य कधी उच्चारले गेले नव्हते. आईने नळ सोडला आणि एक धुतलेला कप पुन्हा धुवायला घेतला.

"किती गोल केलेस रे चार वर्षांत?"

"अकरा."

"आणि अंगावर किती चकत्या घेतल्यास?"

"मोजल्या नाहीत."

"आम्ही मोजल्यात. उगाच नव्हता केला फोन." टूली हसले. "गुरुवारी सकाळी बर्फावर हजर राहा. आणि इथं कुणी ताट पुढं केलं की घे बाबा. आमच्याकडे दुसऱ्यांदा विचारत नाहीत. ज्यानं विचारलं तोच खाऊन टाकतो."

दोन वाजून दहा मिनिटांनी करारपत्र फोनवर आले. गेबने बोटाने सही केली. पडद्यावर ती वेडीवाकडी उमटली, नुकत्याच लिहायला शिकलेल्या मुलासारखी.

रूडीने चष्मा लावून ती नीट पाहिली. "वाईट नाही," तो म्हणाला. याहून मोठी स्तुती त्याच्या बोलीत नव्हती. लग्नाच्या दिवशी बायकोच्या वाट्यालाही एवढीच आली होती. मग त्याने दुपारच्या पाळीचा डबा उचलला, मुलाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि गाडीतल्या तेलाबद्दल काहीतरी सांगून तो बाहेर पडला.

गेब बॅग भरायला खोलीत गेला. मोजे घेऊन खिडकीशी आला तेव्हा वडिलांची गाडी अजून दारातच उभी होती, इंजिन चालू, आणि आत वडील चष्मा काढून बसलेले. पाळीला ते वीस वर्षांत कधी उशिरा गेले नव्हते. आकाश निरभ्र होते, झाडांवरचाही बर्फ कधीच गळून गेला होता. तरी समोरच्या काचेवरचे वायपर चालू होते, कोरड्या काचेवरून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, सावकाश.