बनातून आलेली लाकडी बाई

मी लाकडाची आहे, पण बाई आहे. माझी बैठक गोल, जाड आणि वजनदार. पश्चिम आफ्रिकेतल्या सेनुफो जमातीच्या एका कारागिराने मला अखंड ओंडक्यातून कोरलं.

गावाबाहेरच्या राखीव बनात मुलं वर्षानुवर्षं शिकायची. दीक्षा पुरी झाली की जाणती होऊन परतायची. दीक्षा घेतलेला कुणी म्हातारा वारला, की हीच मुलं माझे दंड धरून मला उचलायची आणि संथ तालात जमिनीवर आपटत त्याला निरोप द्यायची. तळ झिजला माझा, पण तेव्हा थकवा जाणवला नाही.

मग गावातल्याच एकाने मला चोरून विकलं. जहाज, दुकान, शेवटी अमेरिकेतल्या एका प्रोफेसरांचं काचेचं कपाट. ते वारल्यावर त्यांच्या घरातलं सामान विकायला काढलं, तिथून चारुदत्त आणि सरलाताई या मराठी जोडप्याने मला वेस्ट विंडसरला आपल्या घरी आणलं. बावीस वर्षं मी त्यांच्या दाराशी उभी आहे. सरलाताई माझ्या हाताला छत्री अडकवतात. पाहुणे विचारतात, "आफ्रिकन आर्ट का?" आणि उत्तर न ऐकताच बूट काढू लागतात.

यंदा चारुदत्तांना स्ट्रोक आला. त्यांची देखभाल करायला झिए येऊ लागला. चाळिशीचा, आयव्हरी कोस्टचा. पहिल्याच दिवशी तो माझ्यासमोर थबकला.

"सर, ही माझ्या लोकांची आहे."

"मग तूच घेऊन जा," चारुदत्त अडखळत म्हणाले.

"मला हात लावता येत नाही. माझी दीक्षा व्हायच्या आधीच आम्ही गाव सोडलं."

"अगं बाई! आणि मी रोज छत्री अडकवतेय," म्हणत सरलाताईंनी ती काढून घेतली.

झिएने गावी काकांना व्हिडिओ कॉल लावला. काकांनी त्याला फोन माझ्या झिजलेल्या तळाशी न्यायला लावला. मग बोलले, ते झिएने सांगितलं: "ही चोरीला गेल्यावर हिच्या जागी आम्ही केव्हाच दुसरी कोरून घेतली. मुलांचं शिकणं थांबलं नाही. पण हिलाही पाठवा. म्हातारीला घरात जागा असते."

आधी मला वाईट वाटलं. मग हायसं वाटलं.

"इतकी वर्षं पाहुणी होती आपल्याकडे," सरलाताई पुटपुटल्या.

"पाहुणी कसली गं? पळवून आणलेली," चारुदत्त म्हणाले. "शिपिंग अरेंज करू."

आज खोका आलाय. सरलाताई मला जुन्या सुती साडीत गुंडाळताहेत. झिए लांबूनच म्हणतोय, "मॅम, हळू."

येते मी. गावच्या लोकांनो, मला पुन्हा कामाला लावू नका. सावलीत आडवी ठेवा. फार वर्षं उभी आहे मी.