भरल्या गाडीत न पडणारा दुसरा गिअर

मित्रांनो, मी एक जुना गिअरबॉक्स आहे. मोटरसायकलच्या इंजिनाच्या पोटात माझं घर. एवढं ऐकून तुम्ही कान टवकारणार नाही, हे मला ठाऊक आहे. गाडी बघताना लोक रंग बघतात, हॉर्न वाजवून बघतात. माझी आठवण होते ती गाडी अडल्यावर, आणि तीही शिव्या घालायला. म्हणून माझ्यावर आलेला आळ आज मीच तुम्हाला सांगतो. थोडं कडू लागेल, लागू द्या.

माझे पहिले मालक दिनकरराव, सेलूचे गुरांचे डॉक्टर. अकरा वर्षं त्यांनी मला खेडोपाडी फिरवलं. ऑईल वेळेवर बदललं, गिअर कधी लाथेने टाकला नाही. माझे चारही गिअर लोण्यासारखे पडतात, असं ते चारचौघांत सांगायचे. ते निवृत्त झाले आणि मोटरसायकल पत्र्याच्या शेडमध्ये धूळ खात पडली. तिथून शिवकांतने आम्हाला उचललं.

शिवकांतचं वालूरच्या रस्त्याला वेल्डिंगचं दुकान आहे आणि घर गावाबाहेर आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर. त्याची धाकटी बहीण त्रिवेणी. लहानपणी पोलिओने तिचे दोन्ही पाय गेले. कुठे जायचं म्हटलं की तिला कोणीतरी उचलून बसवायचं, उचलून उतरवायचं. शिवकांतने तिच्यासाठी जोडून घ्यायची गाडी मागवली. नळ्यांची चासी, चार चाकं, स्टिअरिंग आणि पिशवीभर बोल्ट असं सगळं खोक्यांत भरून आलं. इंजिन मात्र ज्याचं त्याने घालायचं. ते माझ्या मोटरसायकलचं घातलं. क्लच, गिअर, ब्रेक, सगळं हाताने चालेल असं केलं. मला बसवलं अगदी मागे, गिअरचा दांडा पुढे त्रिवेणीच्या हाताशी, आणि आम्हा दोघांना जोडणारी एक लांब सळई तिच्या सीटखालून नेली. त्यांच्या आईने, महादेवीबाईंनी, माझ्यावर विभूतीची तीन बोटं ओढली. मला फार बरं वाटलं होतं.

पहिल्या दिवशी त्रिवेणी एकटी वालूरला गेली. बाजारात गाडी उभी केली आणि अर्धा तास नुसती बसून राहिली. काही घेतलं नाही, कोणाशी बोलली नाही. जन्मात पहिल्यांदा तिला वाटेल तेव्हा निघता येणार होतं. मग तिने आसपासच्या आखाड्यांवरचं दूध गोळा करून वालूरच्या संकलन केंद्रावर पोचवायचं काम धरलं. सकाळी साडेसातच्या आत दूध पोचलं पाहिजे, नाहीतर परत. सहा महिने तिने एक दिवस चुकवला नाही. लोक तिला दूधवाल्या ताई म्हणू लागले. तेव्हा ती हसायची ते मी मागून ऐकलं आहे.

पुढे दूध वाढलं, दोनाचे चार कॅन झाले, आणि दुसरा गिअर पडेना. पहिल्यातून दांडा ओढला की मी मध्येच न्यूट्रलमध्ये लटकायचो, इंजिन नुसतं किंचाळायचं आणि गाडी जागेवर. तुम्ही म्हणाल, दोष तुझाच. सगळे हेच म्हणाले.

त्रिवेणीने तेवढ्यात बरोबर हेरलं होतं. ती शिवकांतला म्हणाली, "दादा, कॅन भरलेले असले की दुसरा पडत न्हाई. रिकामी गाडी असली की पडतो. इंजिन खोलायच्या आधी मला भरल्या गाडीत बसून दाखवू दे."

"तू खाली बस, बाई. पडशील-बिडशील," शिवकांत म्हणाला. "आमी बघायलोत ना."

बघायची त्यांची रीत ऐका. आधी दूध सांडू नये म्हणून कॅन उतरवायचे. मग बहिणीला अलगद उचलून लिंबाच्या सावलीत बसवायचं, तिच्या हाती पाणी द्यायचं. मग चासीखाली लाकडाचे ओंडके लावून चाकं अधांतरी करायची, आणि दांडा ओढायचा. एक, दोन, तीन, चार. माझे गिअर खटाखट पडायचे. मायेने तिला उतरवायचे आणि तिच्याबरोबर दोषही उतरून जायचा. हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

शिवकांतने आधी क्लचप्लेटा बदलल्या. फरक पडला नाही. मग परभणीहून महारुद्र मेस्त्री आले, मोठं नाव असलेला माणूस. त्यांनी त्रिवेणीला एक शब्द विचारला नाही. मला दोन वेळा खोललं, चांगले दाते कानशीने घासले, आणि निकाल देऊन टाकला, "लय चाललेला गिअरबॉक्स हाय. आता ह्याच्यात जीव न्हाई." मला तोंड असतं तर मी त्यांना दिनकररावांकडे पाठवलं असतं.

एके सकाळी ओढ्याच्या चढावर दुसरा पडला नाही. चार भरले कॅन घेऊन गाडी मागे घरंगळली आणि कलंडली. दूध ओढ्यात गेलं. त्रिवेणीचं खांद्याचं हाड मोडलं. घरी येऊन शिवकांतने माझ्यावर पान्याने एक घाव घातला. तो पोचा अजून आहे.

मला काढून टाकायचं ठरलं. आधी दांड्याकडचे बोल्ट सैल करायला शिवकांत गाडीत चढून सीटवर बसला. गडी अंगाने भारी. बसल्याबरोबर तळ लवला, तळाची नळी सळईवर टेकली आणि सळई धनुकलीसारखी वाकली. त्याने सहज दांडा ओढला. दुसरा पडला नाही. तो उतरला, पुन्हा ओढला. पडला. तीन वेळा तो बसला आणि उतरला, मग डोक्याला हात लावून ओट्यावर टेकला. अर्ध्या दिवसात त्याने तळाला आडवी नळी जोडली आणि सळई बाजूने नेली. चार कॅन पाण्याने भरून गाडी चढावर नेली. चारही गिअर लोण्यासारखे पडले. गावाने त्याची वाहवा केली. माझी माफी कोणी मागितली नाही, ते सोडा.

दीड महिन्याने त्रिवेणीच्या खांद्याचं हाड जुळून आलं. तिने विचारलं, "दादा, भरल्या गाडीत पडायलाय का दुसरा?"

"एकदम मस्त पडायलाय."

"मग उद्या मला बसव."

शिवकांतने फडक्याला हात पुसले. "राहू दे, माय. तुला कशाला तरास. मी जातो की रोज."

तेव्हापासून दूध तोच नेतो. मित्रांनो, मला ऑईल वेळेवर मिळतं, माझ्यावर ताडपत्री असते, माझी तक्रार माझ्यासाठी नाही. यंत्र बिघडलं तर जरूर खोला, पण ते रोज चालवणाऱ्याला आधी विचारा, आणि त्याने सांगितलेलं ऐका. दुरुस्त झाल्यावर ते त्याचं त्याला परतही द्या. पहाटे शिवकांत बटण दाबतो, इंजिन सुरू होतं. त्रिवेणी ओट्यावर बसून कॅनांची झाकणं घट्ट करून देते. गाडी आता कुठेच अडत नाही, आणि त्रिवेणी आखाड्यावरून कुठेच जात नाही.